न उघडलेल्या फायलीवरचा शेरा

कचेरीत दहा-बारा वर्षे काढल्यावर आम्हांस एवढे खात्रीने सांगता येते की, फाईल न उघडताच तिच्यावर शेरा मारण्याचे धाडस तेथे सहसा कुणी करीत नाही. जाब विचारणारा वर बसलेला असतो. कलेच्या प्रांतात वर कुणीच नसल्यामुळे असल्या शेऱ्यांना ऊत येतो. ऑलमन ब्रदर्स बँड या अमेरिकन वाद्यवृंदाचा एक अल्बम ऐकवावा आणि स्टीफन किंग यांची एक कथा वाचावी, अशी सूचना आम्ही गेल्या महिन्यात येथील मंडळाच्या बैठकीत मांडली. ‘हुल्लड आणि बाजारू वाङ्मय’ या चार शब्दांत ती निकालात निघाली. मौज अशी की, समितीपैकी एकानेही ते ऐकले वा वाचले नव्हते.

हुल्लड कशी असते ते पाहू. ‘ॲट फिलमोर ईस्ट’ हा अल्बम १९७१ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या एका नाट्यगृहात श्रोत्यांसमोर मुद्रित झाला. त्यातले ‘व्हिपिंग पोस्ट’ हे गाणे १९६९ च्या मुद्रणात सुमारे पाच मिनिटांचे होते. येथे ते सुमारे तेवीस मिनिटे चालते व तबकडीची अख्खी बाजू व्यापते. आरंभीची आवर्तने अकरा मात्रांची! पुढे दोन गिटारी एकमेकींचे सूर उचलतात, आणि मध्येच वादन इतके निवते की, श्रोत्याने श्वास रोखून धरावा. जुन्या तीन मिनिटांच्या तबकडीत ख्याल गुदमरतो, गवई बैठकीतच ऐकावा, असे आमची वडीलधारी मंडळी सदैव सांगतात. मग हाच न्याय परक्या वादकांना का नाही? ‘यू डोन्ट लव्ह मी’ हे एकोणीस मिनिटांचे गाणे काही जागी रेंगाळते, हे आम्हीही मान्य करतो. पण ते म्हणण्याचा अधिकार ऐकणाऱ्याचा.

किंग यांची गोष्ट याहून बिकट. त्यांचा अपराध एकच, ते फार खपतात. २००३ साली त्यांना अमेरिकेत मानाचे साहित्यपदक मिळाले, तेव्हा हॅरल्ड ब्लूम यांच्यासारख्या विद्वानानेही जाहीर निषेध केला. त्यांची ‘द मॅन इन द ब्लॅक सूट’ ही कथा १९९४ मध्ये ‘न्यूयॉर्कर’मध्ये आली व पुढे ओ. हेन्री पारितोषिकांत पहिली ठरली. ते प्रमाणपत्र बाजूस ठेवू. १९१४ च्या उन्हाळ्यात मासे धरावयास गेलेल्या नऊ वर्षांच्या मुलास ओढ्याकाठी काळ्या पोशाखातला सैतान भेटतो. मुलाचा भाऊ आदल्या वर्षी मधमाशी चावून गेलेला. सैतान सांगतो, तुझी आईही तशीच गेली. मुलगा जीव घेऊन पळतो. आई घरी सुखरूप असते. पण ते खोटे क्षणभर खरे वाटले, ही बोच नव्वदीतल्या त्या म्हाताऱ्याला अजून सोडीत नाही. आणि तो पुन्हा आला, तर आता पळणार कसे?

घरापासून शेकडो मैल दूर बदलीवर राहणाऱ्यास, अवेळी वाजलेल्या फोनने ज्याचे काळीज लकाकते त्यास, या भयाचा अर्थ समजावून सांगावा लागू नये. आम्ही कथा रात्री वाचली आणि सकाळी काही कारण नसता गावी आईला फोन लावला. ती म्हणाली, ‘काय रे, बरा आहेस ना?’

पुढील बैठकीत आम्ही तीच सूचना पुन्हा मांडणार आहोत. समितीने आधी तेवीस मिनिटे बसावे, मग खुशाल शेरा मारावा.