दंड भरावा की वकील द्यावा?

भरधाव वाहन हाकल्याच्या आरोपाचे समन्स हाती पडले, की सामान्य माणूस प्रथम एक हिशेब मांडतो. दंड फार तर दोन हजारांचा आणि वकिलाची फी त्याहून कितीतरी अधिक. मग वकील कशाला द्यायचा? गुन्हा कबूल करावा, पैसे भरावेत आणि मोकळे व्हावे. वरवर पाहता हा हिशेब बिनचूक वाटतो. परंतु दिसणारी किंमत आणि खरी किंमत या दोन भिन्न गोष्टी असतात, हा अर्थशास्त्राचा पहिला धडा येथेही लागू पडतो.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १८३ वेगमर्यादेच्या भंगाविषयी आहे. २०१९ च्या दुरुस्तीनुसार हलक्या वाहनाच्या चालकास एक ते दोन हजार, तर मध्यम व अवजड मालवाहू किंवा प्रवासी वाहनाच्या चालकास दोन ते चार हजार रुपये दंड होतो. हा झाला दिसणारा भाग. न दिसणारा भाग कलम २०६ आणि कलम १९ मध्ये आहे. या आरोपावरून पोलीस अधिकारी परवाना ताब्यात घेऊन परवाना अधिकाऱ्याकडे धाडू शकतो. आणि तो अधिकारी, चालकाचे म्हणणे ऐकून, पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिने परवाना निलंबित करू शकतो. गुन्हा पुन्हा घडल्यास परवानाच रद्द होण्याची पाळी येते.

तडजोड शुल्क भरले म्हणजे प्रकरण संपले, हा समजही अपुरा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने कलम २०० ला जी परंतुके जोडली, त्यांनुसार तडजोडीने मिटलेला गुन्हासुद्धा पुढच्या वेळी 'पूर्वीचा गुन्हा' म्हणून मोजला जातो आणि तडजोड झाली तरी परवान्याविषयीची कारवाई टळत नाही. म्हणजे आज ज्याला आपण दंड म्हणतो, तो प्रत्यक्षात उद्याच्या मोठ्या शिक्षेचा पहिला हप्ता असतो. न्यायालयात गुन्हा कबूल केला तर परिणाम याहून गंभीर होतात. अशा कबुलीवरून झालेल्या दोषसिद्धीविरुद्ध अपील चालत नाही. शिक्षेचे प्रमाण व तिची वैधता एवढ्यापुरतेच ते मर्यादित राहते.

आता एक साधे उदाहरण घ्यावे. समजा, एका टेम्पोचालकाचे मासिक उत्पन्न अठरा हजार रुपये आहे. तीन महिने परवाना गेला तर त्याचे चोपन्न हजारांचे नुकसान होते. अशी कारवाई होण्याची शक्यता चारात एक इतकीच धरली, तरी त्याच्या डोक्यावरील जोखमीचे मोल साडेतेरा हजार ठरते. त्याने वकिलाच्या फीची तुलना या रकमेशी केली पाहिजे, दोन हजारांच्या दंडाशी नव्हे. उलट, सुट्टीच्या दिवशी स्वतःची मोटार काढणाऱ्या आणि एरवी लोकलने कचेरीत जाणाऱ्या कारकुनाची पहिलीच चूक असेल, कॅमेऱ्यातील नोंद स्पष्ट असेल आणि त्याला ती मान्य असेल, तर वकिलाचा खर्च अनाठायी होय. आरोप एकच असला तरी उत्तर एकच असेल असे नाही.

याशिवाय आरोपाचे कलम कोणते, हे प्रथम वाचले पाहिजे. कलम १८३ ऐवजी १८४, म्हणजे धोकादायक रीतीने वाहन चालविणे, असे लिहिले असेल तर पहिल्याच गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. आणि हाती दूरध्वनी धरण्याचा प्रकार वगळता त्यात तडजोडीची सोय नाही. भारतीय न्याय संहितेचे कलम २८१ लावले असेल तर सहा महिन्यांपर्यंत कैद संभवते. कोणास इजा झाली असेल, मृत्यू ओढवला असेल, तर वकील द्यावा की नाही हा प्रश्नच उरत नाही. अशा वेळी एक शब्दही कबूल करण्यापूर्वी सल्ला घ्यावा, कारण ती कबुली पुढे नुकसानभरपाईच्या दाव्यातही पुरावा म्हणून उभी राहू शकते.

वकील नेमके करतो तरी काय? केवळ एका साक्षीदाराच्या अंदाजावरून, यांत्रिक वा इलेक्ट्रॉनिक उपकरणाचा आधार नसताना, वेगाच्या गुन्ह्यात दोषी ठरविता येत नाही, असे कलम १८३ स्वतःच सांगते. जागच्या जागी ताकीद, चौदा दिवसांत नोटीस अथवा अठ्ठावीस दिवसांत समन्स, यांपैकी काहीच झाले नसेल, तर काही अपवाद सोडता कलम २०९ दोषसिद्धीला आडवे येते. २०२१ च्या नियमांनी वेगमापक उपकरणाला दरवर्षी नूतनीकरण होणारे प्रमाणपत्र आवश्यक केले. हे प्रश्न नेमक्या वेळी विचारणे, हेच वकिलाचे काम. नुसत्या तारखा पाडून घेणारा वकील मात्र अशिलाचे पैसे आणि न्यायालयाचा वेळ दोन्ही खर्च करतो.

यावर एक नैतिक आक्षेप येईल. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली आणि त्यांपैकी ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यूंचे कारण अतिवेग असे नोंदले गेले. ताशी ६० ऐवजी १०० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या वाहनाच्या आघातातील ऊर्जा जवळजवळ पावणेतीन पट असते. मग अशांना वकिलाच्या आड लपू द्यावे काय? आक्षेप रास्त आहे. पण त्याचा रोख चुकला आहे. पुरावा तपासून घेतल्याने दोषी सुटत नाही. सुटतो तो ढिसाळ तपासामुळे. आणि आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहणारा प्रत्येक जण बेदरकार असतो असेही नाही. नोकराला वेगमर्यादा मोडावयास लावणारा मालकही त्याच कलमाखाली गुन्हेगार ठरतो. परंतु वेळापत्रक आखणारा मालक मोकळा आणि चालक मात्र पिंजऱ्यात, असेच चित्र बहुधा दिसते.

खरी विसंगती येथेच आहे. ज्याचे पोट परवान्यावर चालते त्याला वकिलाची गरज सर्वाधिक आणि ऐपत सर्वांत कमी. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये हॉसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात मोफत विधी साहाय्याचे तत्त्व उचलून धरले. १९८६ मध्ये सुकदास खटल्यात, हा हक्क आरोपीला सांगितलाच नाही एवढ्यावरून दोषसिद्धी रद्द केली. १९८७ च्या कायद्याने स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, कोठडीतील व्यक्ती, कामगार आणि ठराविक मर्यादेखालील उत्पन्नाचे लोक यांना तो हक्क दिला. तालुका पातळीवर त्यासाठी समित्या आहेत. पण समन्स घेऊन आलेल्या टेम्पोचालकाला त्या समितीचे दार कोण दाखवतो?

उपाय खर्चिक नाही. प्रत्येक नोटिशीवर सोप्या मराठीत तीन वाक्ये छापावीत: दंड भरल्याने हा गुन्हा नोंदीत राहील, परवान्यावर स्वतंत्र कारवाई होऊ शकेल, आणि मोफत वकील अमुक ठिकाणी मिळेल. त्यानंतर ज्याला दंड भरावयाचा असेल तो खुशाल भरील. निदान आपण कशावर सही करीत आहोत, हे तरी त्याला कळलेले असेल.