माशाने संकट घेतलं?

"जाऊ दे गं, घरावरचं काहीतरी त्या मुक्या जिवाने आपल्या अंगावर घेतलं," शेजारच्या काकू म्हणाल्या. सासूबाईंनीही मान डोलावली. आमच्या साठ लिटरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतली मोठी क्लाऊनफिश मेली, त्या दिवशीची ही गोष्ट. ऐकून मलाही क्षणभर बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण सात वर्षांच्या लेकाने विचारलं, "म्हणजे पुढचं संकट आलं की हा दुसरापण मरणार?"

आता काय सांगणार? खरं कारण मला ठाऊक होतं. शनिवारपासून निळा डॅमसेल दिसत नव्हता. लेक दोनदा सांगून गेला. "लपला असेल दगडामागे," म्हणत मी पोळ्या लाटत राहिले. मंगळवारी ही मोठी गेली तेव्हा कुठे आम्ही दगड हलवले. डॅमसेल तिथेच होता, अर्धामुर्धा. शंखातल्या खेकड्यांनी जमेल तेवढा खाल्ला होता, उरलेला कुजत होता. कुजलं की अमोनिया सुटतो. समुद्रात तो कुठच्या कुठे पसरतो, साठ लिटरमध्ये जाणार कुठे? त्यातून या पाण्याचा पीएच आठच्या वर, त्यात अमोनिया आणखीच विषारी होतो. आमच्या टेस्ट किटच्या नळीतलं पिवळं राहायला हवं असलेलं पाणी चक्क हिरवं झालं.

हौस बापलेकांची, निस्तरणं माझं, हे तर ठरलेलंच. जाळी माझ्या हातात आली. निदान चौथा हिस्सा पाणी बदलायला हवं होतं. पण नवं पाणी म्हणजे नळ सोडून बादली भरणं नव्हे. लिटरमागे साधारण 35 ग्रॅम टाकीसाठीचं समुद्री मीठ, आणि ते नीट मिसळेपर्यंत पंप फिरवत ठेवायचा. असं पाणी तयार ठेवायची अक्कल तेव्हा नव्हती. रात्री बारापर्यंत बादली घरघरत होती.

सासूबाई म्हणाल्या, खाडीत सोडून या. मी नाही म्हटलं. टाकीतला एखादा रोग खाडीतल्या माशांना कशाला? जास्वंदीच्या कुंडीत खोल पुरलं. नवऱ्याचा उपाय वेगळाच, "संध्याकाळी तशीच दुसरी आणतो, त्याला कळणारही नाही." अहो, अमोनिया शून्यावर आल्याशिवाय आणली तर तीही मरेल!

तुम्ही म्हणाल, बुधवारी बांगडा तळणाऱ्या घरात एका माशासाठी एवढं? म्हणा. बांगड्याला मी जगवायला आणलं नव्हतं. आणि 'त्याने संकट घेतलं' म्हटलं की आपण सगळे सुटतो, पुढच्या वेळी दगडामागे कुणी बघत नाही. म्हणून लेकाला सांगून टाकलं, "तू म्हणालास तेव्हाच मी शोधायला हवं होतं. माझं चुकलं." दोन दिवस बोलला नाही माझ्याशी. काकूही जरा नाराजच आहेत.

क्लाऊनफिशच्या जोडीत मोठी ती मादी. ती गेली की मागे राहिलेला नर सावकाश मादी होतो, हे लेकाला सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा हसला. आता रोज झोपण्यापूर्वी टॉर्च घेऊन मोजणी चालते. एक मासा, दोन खेकडे. एखादा खेकडा सापडला नाही, तर मलाही उठवतो.