पट्टा रबराचा, फास मक्तेदारीचा

मोटारगाडीच्या दुरुस्तीचा प्रश्न समाजवादी कार्यकर्त्याने हाती घ्यावा काय, असा आक्षेप सुरुवातीलाच निघेल. ज्याच्या दारी मोटार आहे त्याने तिची चिंता वाहावी. शेतमजूर, कंत्राटी कामगार आणि धरणग्रस्त यांचे प्रश्न काय थोडे आहेत, असे म्हणणारे साथी प्रामाणिकच असतात. परंतु हा आक्षेप ज्या चित्रावर उभा आहे, ते चित्र आता जुने झाले आहे. महाड आणि पोलादपूर या तालुक्यांत मोटार ही केवळ श्रीमंतांच्या हौसेची वस्तू राहिलेली नाही. डोंगरातल्या वाडीवरून बाळंतिणीला महाडच्या दवाखान्यात आणणारी, रायगड पाहायला आलेल्यांना पाचाडला पोचवणारी, औद्योगिक वसाहतीत पाळीचे कामगार नेणारी गाडी ही तिच्या मालकाची रोजची मजुरी असते. अशी गाडी पुष्कळदा मुंबई-पुण्याच्या बाजारातून दुसऱ्या किंवा तिसऱ्या हाताने घेतलेली आणि कर्जावर उभी असते. ती बंद पडली की हप्ता थांबत नाही, कमाई मात्र थांबते.

अशा कित्येक गाड्यांच्या इंजिनात, झाकणाआड, एक दातेरी रबरी पट्टा फिरत असतो. त्याला टायमिंग बेल्ट म्हणतात. सर्वच इंजिनांत तो नसतो. अनेकांत त्याच्या जागी साखळी असते. पण मारुती ८००, ओम्नी, सँट्रो, इंडिका या ज्या गाड्यांनी सामान्य कुटुंबांत मोटार आणली, त्या या पट्ट्यावरच चालल्या. डिझेलवरच्या डस्टरलाही तोच होता. क्रँकशाफ्टचे दोन फेरे झाले की कॅमशाफ्टचा एक फेरा झाला पाहिजे, हे गणित हा पट्टा सांभाळतो. पिस्टन वर येईल तेव्हा व्हॉल्व्ह मिटलेले असले पाहिजेत. पट्टा तुटला किंवा दोन-चार दाते सरकला, तर बहुतेक इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो, व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड उतरवावे लागते. पट्टा बदलण्याचा खर्च काही हजारांचा. तो न बदलल्याचा खर्च त्याच्या अनेकपट. शिवाय तो तुटण्यापूर्वी बहुधा काही सांगत नाही. आंबेनळीच्या उतारावर इंजिन असे अचानक बंद पडले तर स्टिअरिंग जड होते, ब्रेकला मिळणारी मदत थोड्याच दाबांत संपते आणि गिअरमध्ये ठेवून वेग रोखण्याचा भरवसाही उरत नाही. मग प्रश्न पैशांचा न राहता प्रवाशांच्या जिवाचा होतो.

पट्टा केव्हा बदलावा, याचे उत्तर कंपनीच्या पुस्तिकेत असते : इतके किलोमीटर किंवा इतकी वर्षे, यांपैकी जे आधी होईल ते. परंतु पुस्तिकेतला किलोमीटरचा आकडा साधारण रस्त्याचा असतो. पोलादपूरहून महाबळेश्वरकडे सुमारे साडेतेराशे मीटर उंचीवर चढणारी गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये चालते, आणि दुसऱ्या गिअरमध्ये एका किलोमीटरला इंजिनाचे जितके फेरे होतात, ते वरच्या गिअरच्या दुपटीहून अधिक असतात. मीटरवर पन्नास हजार दिसत असले, तरी पट्ट्याने सोसलेले फेरे त्याहून कितीतरी जास्त अंतराचे असतात. याच्या उलट स्थिती चाकरमान्याच्या गाडीची. ती वर्षभर मुंबईत उभी असते आणि गणपतीला व शिमग्याला गावी येते. तिचे किलोमीटर भरत नाहीत, पण वर्षे भरतात आणि रबर उभ्या उभ्याच वाळते. तिसरी स्थिती महाडकरांना वेगळी सांगायला नको. जुलै २०२१ च्या महापुरात ज्या गाड्या बुडाल्या, त्यांच्या पट्ट्याच्या झाकणात आणि टेन्शनरच्या बेअरिंगमध्ये गाळ शिरला असल्यास त्याची नोंद कोणत्याही मीटरवर होत नाही. घाटात, धुळीत किंवा अवजड कामासाठी चालणाऱ्या गाडीकरिता अनेक कंपन्या देखभालीचे वेगळे, कडक वेळापत्रक छापतात. ते वेळापत्रक पोलादपूरच्या ग्राहकाला गाडी विकतानाच वाचून दाखवणे हे विक्रेत्याचे कर्तव्य नव्हे काय?

प्रत्यक्षात गाडीमालकांचा अनुभव काय असतो? अधिकृत सेवा केंद्र जवळ नसले तर पनवेल किंवा पुण्याची वाट धरावी लागते. म्हणजे कमाईचे दोन दिवस गेले. तेथे गाडी आत जाते आणि मालक काचेबाहेर बसतो. झाकणाआडचा पट्टा बदलला की नाही, हे त्याला दिसत नाही. जुना पट्टा मागितला तर तो टाकून दिल्याचे सांगतात. कोठे पट्ट्याबरोबर अनावश्यक कामांची यादी बिलात चढते. कोठे याच्या उलट घडते : केवळ पट्टा बदलतात, त्याच्यासोबतचा टेन्शनर आणि त्याच पट्ट्यावर फिरणारा पाण्याचा पंप जुनाच ठेवतात, पुढे बेअरिंग अडकून नवा पट्टा तुटला की "आमचा पट्टा चांगलाच होता" असे उत्तर मिळते. मजुरी तर झाकण उघडण्याचीच असते. एकदा उघडल्यावर ही सारी कामे त्याच वेळी करणे शहाणपणाचे, हे ग्राहकाला आधी सांगायला नको काय? आणि बाहेर काम केले तर वॉरंटी रद्द, ही तंबी ठरलेली.

या अनुभवांचा राग समोरच्या कामगारावर निघतो. कार्यकर्त्यांनी येथे सावध राहिले पाहिजे. केंद्रातील सल्लागारावर महिन्याच्या विक्रीचे लक्ष्य लादलेले असते. आत हात काळे करणारा तरुण पुष्कळदा प्रशिक्षणार्थी म्हणून तुटपुंज्या वेतनावर राबत असतो. एका दिवसात किती गाड्या बाहेर काढायच्या, हे तो ठरवत नाही. ग्राहकाची फसगत आणि कामगाराची पिळवणूक ही एकाच हिशेबाच्या वहीची दोन पाने आहेत, आणि ती वही यांपैकी कोणाच्याच हातात नसते.

मग ती कोणाच्या हातात असते, याचे उत्तर अधिकृत कागदावर नमूद आहे. एका ग्राहकाने २०११ साली केलेल्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने मोटार कंपन्यांची चौकशी केली आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कंपन्यांना मिळून २,५४४.६५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. आयोगाचा निष्कर्ष स्पष्ट होता : आपापल्या गाडीचे सुटे भाग, दोष शोधण्याची यंत्रे आणि दुरुस्तीची माहिती या कंपन्या खुल्या बाजारात येऊ देत नाहीत आणि स्वतंत्र दुरुस्ती करणाऱ्याला धंद्याबाहेर ठेवतात. बाहेरच्या मेकॅनिककडे कौशल्य नसते, सुरक्षितता धोक्यात येते, हा कंपन्यांचा बचाव आयोगाने मानला नाही. भाग व यंत्रे स्वतंत्र मेकॅनिकलाही मिळाली पाहिजेत आणि बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणाने सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालता येणार नाही, असा आदेश दिला गेला. कंपन्या अर्थातच वरच्या पायऱ्या चढल्या. डिसेंबर २०१६ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने तीन कंपन्यांच्या बाबतीत दोषाचा निष्कर्ष कायम ठेवला, दंड मात्र कमी केला. आदेश दिल्लीत झाला. पोलादपूरच्या गॅरेजमध्ये तो किती पोचला, याचा शोध कार्यकर्त्यांनीच घ्यायचा आहे.

गॅरेजवाल्याचेही गुणगान डोळे मिटून करण्याचे कारण नाही. पट्टा बसवताना एका दाताची चूक झाली तरी इंजिन नीट चालत नाही. अधिक दात चुकले तर ते मोडते. बाजारात नकली पट्टे मिळतात आणि स्वस्ताईच्या मोहाने ते घेतलेही जातात. परंतु ही चूक होते तेव्हा तिच्या मुळाशी बहुधा साधनांचा अभाव असतो. शाफ्ट जागच्या जागी धरून ठेवणारे खास हत्यार, ताण किती द्यायचा याचा आकडा, बोल्ट किती आवळायचे याचे माप : या गोष्टी ज्याला मिळू दिल्या जात नाहीत, त्यालाच नंतर अडाणी म्हणायचे, हा न्याय बहुजनांना फार जुन्या काळापासून परिचित आहे. ज्ञान आधी कुलुपात ठेवायचे आणि मग अज्ञानाबद्दल दोष द्यायचा!

हे कुलूप इतरत्र लोकांनी उघडले आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात नोव्हेंबर २०१२ मध्ये मतदारांनी मोठ्या बहुमताने दुरुस्तीच्या हक्काचा कौल दिला. भारतात केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काबाबत समिती नेमली, मोटारींचा समावेश तिच्या कक्षेत केला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एक संकेतस्थळ सुरू केले. समिती आणि संकेतस्थळ म्हणजे कायदा नव्हे. मागणी कायद्याचीच असली पाहिजे : दुरुस्तीच्या पुस्तिका मराठीत आणि खुल्या, सुटे भाग व हत्यारे रास्त दरात प्रत्येक मेकॅनिकला, आणि गाडीच्या देखभालीची नोंद गाडीसोबत नव्या मालकाकडे, म्हणजे दुसऱ्या हाताने घेणाऱ्याला पट्ट्याचे वय अंदाजाने ठरवावे लागणार नाही.

तोवर हाती असलेला कायदा तरी वापरला जावा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. व्यापारी कारणासाठी सेवा घेणारा ग्राहक ठरत नाही. परंतु स्वयंरोजगाराने केवळ आपली उपजीविका चालवणारा या अपवादात मोडत नाही. म्हणजे स्वतःच गाडी चालवून पोट भरणारा पोलादपूरचा टॅक्सीवाला तक्रार करू शकतो. तक्रार तो राहतो त्या जिल्ह्यात, अर्थात अलिबागच्या आयोगाकडे, दोन वर्षांच्या आत करता येते. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, आणि ती घरबसल्या संगणकावरूनही दाखल होते. हे किती गाडीवाल्यांना ठाऊक आहे?

कागदावरचा हक्क आणि हाती आलेला हक्क यांतले अंतर महाडला कोणी शिकवावे लागत नाही. नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. तळ्याचे पाणी ओंजळीत आले ते २० मार्च १९२७ च्या सत्याग्रहाने. माणुसकीच्या त्या संगराशी रबरी पट्ट्याची तुलना करणे औचित्याला सोडून होईल. पण त्या तळ्याने दिलेला धडा लहान लढ्यांनाही लागू पडतो : ठराव आपोआप अमलात येत नाहीत, ते अमलात आणावे लागतात.

काम अवघड नाही. महाड आणि पोलादपूर येथील गाडीवाले व मेकॅनिक यांची एकत्र बैठक घ्यावी. बिलावर बदललेल्या प्रत्येक भागाचा क्रमांक, तारीख व किलोमीटर लिहून घेणे आणि जुना पट्टा परत मागणे हा प्रत्येकाचा नियम व्हावा. मेकॅनिकांनी वर्गणी काढून खास हत्यारांचा सामाईक संच घ्यावा. तालुक्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत त्यांच्यासाठी सायंकाळचे वर्ग मागावेत. फसवणुकीची एक तक्रार तरी कार्यकर्त्यांनी पदरमोड करून अलिबागला शेवटपर्यंत लढवावी. घाट उतरताना गाडीतील प्रवाशांचा जीव ज्या पट्ट्यावर टांगलेला असतो, त्याची माहिती चालकाच्या हाती असणे ही मेहेरबानी नाही. तो त्यांचा हक्क आहे, आणि मागितल्यावाचून तो मिळणार नाही.