पैशाचा गुराखी



धानाची मळणी आटोपली की आमच्या कोहमाऱ्याच्या चौकात, चहाच्या टपरीवर, बोलणे चुकाऱ्यांचेच. यंदा मात्र एका तरुणाने निराळाच प्रश्न घातला. "साहेब, चुकारे जमा झाले. मोबाईलवर पाचशे रुपयांपासून अमेरिकन कंपनीच्या फंडात पैसे टाकता येतात म्हणे. ब्लॅकरॉक. टाकू का?" शेजारी वडील होते. त्यांनी बशीत ओतलेला चहा तसाच ठेवला.

धानावरच्या तुडतुड्याचा उपाय मी झोपेतही सांगेन. याचे उत्तर सुचेना. घरी येऊन वाचले, ते तुमच्यापुढे मांडतो.

लॅरी फिंक हे न्यूयॉर्कमधल्या एका बँकेत होते. 1986 साली व्याजदराचा अंदाज चुकला आणि त्यांच्या विभागाला सुमारे 10 कोटी डॉलरचा फटका बसला. ठेच लागलेल्या या माणसाने 1988 मध्ये सात जोडीदारांसह धंदा मांडला. आधी जोखीम मोजायची, मग पैसा लावायचा, ही रीत ठेवली. त्यासाठी 'अलादीन' नावाची संगणक यंत्रणा उभारली. आज इतर संस्थाही ती भाड्याने वापरतात. 2009 मध्ये बार्कलेज बँकेचा गुंतवणूक विभाग विकत घेतला आणि कंपनी जगात पहिली झाली. 2024 अखेर तिच्या हाती 11 लाख कोटी डॉलरहून अधिक पैसा होता. आपल्या अख्ख्या देशाचे वर्षाचे उत्पन्न 4 लाख कोटी डॉलरच्या आसपास आहे!

आता गंमत पाहा. हा पैसा तिचा नाही. आपल्या गुराख्यासारखे आहे. गुरे गावची, चाराई त्याची, मोबदला डोईमागे. तिकडच्या शिक्षक-कामगारांच्या पेन्शनचा पैसा ती चारते. पण कळप कोणत्या बांधाने न्यायचा हे गुराखी ठरवतो ना? तसेच, ज्या कंपन्यांचे शेअर घेतले त्यांच्या सभेत बरेचदा मत हीच देते. 2020 साली फिंक यांनी कंपन्यांच्या प्रमुखांना पत्र लिहून हवामान बदलाचा विचार करा असे बजावले. त्यावर तेल-कोळशाच्या काही राज्यांनी रागावून 2022 मध्ये आपला पैसा काढायला सुरुवात केली. जानेवारी 2025 मध्ये कंपनी हवामानाच्या एका जागतिक गटातून बाहेर पडली. एवढा मोठा गुराखी, पण गुरांच्या मालकांपुढे त्यालाही वाकावे लागले.

आपल्याकडे ती 2008 ते 2018 डीएसपीबरोबर होती. 2023 मध्ये जिओबरोबर पुन्हा येण्याचे ठरले आणि 2025 च्या जूनअखेर पहिल्या योजना खुल्या झाल्या. तरुणाच्या मोबाईलवर आली ती हीच.

आठवड्याने बापलेक पुन्हा भेटले. मी म्हटले, कंपनी मोठी म्हणून शेअरबाजार पडायचा थांबत नाही. फंडात खात्रीचे व्याज नसते. 1964 साली मुंबईत सुरू झालेल्या युनिट ट्रस्टच्या 'यूएस-64' योजनेवर घरोघरी भरवसा होता, तरी 2001 च्या जुलैत तिची खरेदी-विक्री सहा महिने थांबली होती. पऱ्हे टाकायच्या वेळी पैसा असा अडकला तर सावकाराचे दार दिसते.

"म्हणजे टाकू नये?" वडिलांनी विचारले.

मी कागद मागितला. पहिली ओळ पीक कर्जाची. मुदतीत फेडले तर 3 लाखांपर्यंत आपल्याला शून्य टक्के व्याज पडते. ती सवलत घालवून फंडात पैसा टाकणे म्हणजे कोठी उघडी टाकून उंदीर मारायला बांधावर जाणे. मग बियाणे, खत, रोवणीची मजुरी. मग धाकटीची कॉलेजची फी. दुखण्याखुपण्याला थोडे बँकेत. एवढे वजा जाता जे पाच-सात वर्षे लागणार नाही, तेच खाली लिहा म्हटले.

साडेसात हजार उरले.

"महिन्याला पाचशेच टाकतो," मुलगा म्हणाला. वडिलांनी कागद घडी करून बंडीच्या खिशात ठेवला आणि माझ्या चहाचे पैसे दिले.