रिपोर्ट नॉर्मल, बाई खोटी?



आमच्या सल्ला केंद्रात एक बाई येत असे. वय चाळिशीच्या पुढे. पहाटे, पाणी यायच्या आधी, अंथरुणातच तिच्या छातीत आवळल्यासारखं होई, घाम फुटे. उठायला जावं तर ती कोसळे आणि मिनिटाभरात शुद्धीवर येई. सासू म्हणे, ‘कामाच्या वेळी बरी चक्कर येते!’ दवाखान्यात कार्डिओग्राम नॉर्मल निघे. घरातली भांडणं मला ठाऊक होती, म्हणून मीही फाइलमध्ये ‘मानसिक ताण’ असं लिहून मोकळी झाले.

पुढे चोवीस तासांचा हृदयाचा आलेख काढला, तेव्हा पहाटेचा झटका त्यात सापडला.

हृदयाला रक्त पुरवणारी रोहिणी कधी कधी अचानक आकसते. रक्तपुरवठा अडतो, ठोके बिघडतात, मेंदूला रक्त कमी पडतं आणि शुद्ध हरपते. डॉ. प्रिन्झमेटल आणि सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये या दुखण्याचं वर्णन केलं. ते बहुधा विश्रांतीत, मध्यरात्र ते पहाट या वेळात येतं. रोहिणी सैलावली की मागे खूण राहत नाही. मग दिवसा काढलेला कार्डिओग्राम स्वच्छ दिसतो. अँजिओग्राफीतही मोठा अडथळा दिसेलच असं नाही.

‘नुसतं टेन्शन’ हा शिक्का धोक्याचाही आहे. धडधडीवर दिलं जाणारं प्रोप्रॅनोलॉल या दुखण्यात रोहिणी अधिक आकसवू शकतं. योग्य औषधं वेगळी आहेत आणि रोज घेतली तर बहुतेकींना आराम पडतो. विडी-सिगारेट मात्र सुटलीच पाहिजे. कोणतीही गोळी स्वतःहून बंद किंवा सुरू करू नये, हेही तितकंच खरं.

प्रत्येक चक्कर हृदयाची नसते. रक्त कमी असणं, रक्तदाब उतरणं, फिट येणं, कारणं अनेक. पण कारण शोधायच्या आधीच बाईला खोटं ठरवायचा हक्क कुणी दिला?

गटात कुणी बेशुद्ध पडत असेल तर वेळ लिहून ठेवा. आधी छातीत दुखलं का, किती वेळ शुद्ध नव्हती, तेही लिहा. तो कागद घेऊन तिच्यासोबत डॉक्टरांकडे जा, चोवीस तासांच्या तपासणीबद्दल विचारा. दुखत असतानाच कार्डिओग्राम निघावा म्हणून तातडीने दवाखाना गाठा.

त्या फाइलमधली माझी ओळ मी खोडली. खोडण्याआधी ती लिहिली होती, हे विसरणार नाही.