वही, फ्यूज आणि शंभरचं पेट्रोल

आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटवाली. माझ्या ऱ्हस्व-दीर्घावर हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढे मला जरा भांडायचं आहे.

आपल्या हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये सांगलीच्या एमएच १०, साताऱ्याच्या एमएच ११ आणि कऱ्हाडच्या एमएच ५० अशा गाड्या ओळीनं उभ्या असतात. त्यातल्या किती गाड्यांचं खरं अॅव्हरेज मालकाला माहीत आहे? विचारून बघा. "पन्नास-साठ देते की," असं उत्तर येतं. पन्नास आणि साठ! लॅबच्या जर्नलमध्ये रीडिंग गाळलं तर सर सही करत नाहीत, आणि स्वतःच्या गाडीचा हिशोब मात्र त्या 'की'वर संपतो.

माझ्याकडे पप्पांची जुनी, कार्बोरेटरवाली स्प्लेंडर आहे. साताऱ्याहून सांगली, मध्ये उंब्रज, कऱ्हाड, पेठ नाका, आष्टा. एका बाजूचे साधारण सव्वाशे किलोमीटर. गाडी देताना पप्पांनी चावीबरोबर एक वहीही दिली. अट एकच, टाकी दर वेळी फुल करायची आणि किलोमीटर व लिटर लिहायचे. "शंभरचं टाका" म्हणून अॅव्हरेज कळत नाही, कारण टाकीत आधी किती होतं ते कुणालाच माहीत नसतं. फुल ते फुल, मधले किलोमीटर भागिले दुसऱ्यांदा भरलेले लिटर, बस्स. चौथीचं गणित!

आता या वहीनं काय केलं ते ऐका. एका टाकीला ४१२ किलोमीटर, ६.६ लिटर, म्हणजे ६२.४. पुढच्या टाकीला ३८५ किलोमीटर, ७.१ लिटर, म्हणजे ५४.२. मेकॅनिक म्हणाले, "ताई, कार्बोरेटरचं किट गेलं, बदलावं लागेल." मी वही उघडली. दोन टाक्यांच्या मध्ये एकच नोंद होती, 'मागचा पंक्चर, चाक काढलं'. चाक परत बसवताना ब्रेकच्या रॉडचा नट जास्त आवळला गेला होता, त्यामुळे मागचा ब्रेक सतत घासत होता. ड्रम हाताला चटका देत होता. नट सैल केला, पेडलचा फ्री प्ले नीट ठेवला, गाडी पुन्हा बासष्टवर. महिन्याला ५०० किलोमीटर धरले तर सव्वा लिटर वाचलं. पण पैशाचं सोडा. तापलेला ब्रेक नेमका घाटाच्या उतारावर दगा देतो, आणि साताऱ्यावरून कुठेही निघा, एखादा घाट आडवा येतोच. कासला जायचं तर यवतेश्वर, पुण्याला जायचं तर खंबाटकी.

इथेनॉलचंही तेच. २०२५ साली २० टक्के मिश्रणाचं पेट्रोल देशभर पोहोचलं आणि मेसमध्ये रोज वाद सुरू झाले. एक गट म्हणतो, अॅव्हरेज निम्मं झालं. दुसरा म्हणतो, काहीच फरक नाही, आपल्याच उसाचे पैसे आहेत. (दुसऱ्या गटातल्या निम्म्यांच्या घरी ऊस आहे, हे सोडून देऊ!) इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलच्या साधारण दोनतृतीयांश ऊर्जा असते. म्हणजे आधीच्या १० टक्केवाल्या पेट्रोलच्या तुलनेत ३-४ टक्के घट अपेक्षित आहे, साठचे अठ्ठावन्न. एवढा फरक एका टाकीवरून दिसणारच नाही, पंपाची नोझल लवकर-उशिरा बंद झाली तरी तेवढं मागेपुढे होतं. दहा टाक्यांची सरासरी लागते. ती ज्याच्याकडे आहे त्यानं वाद घालावा. बाकीच्यांनी आमटी वाढून घ्यावी.

आता गॅजेट्सकडे वळते. आपल्याकडे गाडी 'मॉडिफाय' केली म्हणजे फटफट आवाजाचा सायलेन्सर. तो बेकायदेशीर आहे, पोलीस अशा सायलेन्सरवर रोड रोलर फिरवतात, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री तो ऐकला की मला पोलिसांची बाजू पटते. पण मला जास्त भीती चार्जर आणि रंगीत एलईडी पट्ट्यांची वाटते. यूएसबी चार्जर वाईट नाही, ५ व्होल्ट २ अँपिअर म्हणजे दहा वॅट, गाडीला सहज झेपतात. पण आपली पोरं वायर थेट बॅटरीला पिळतात आणि वर चिकटपट्टी! हँडल वळताना वायर मानेजवळ घासते, एक दिवस आतली तार बॉडीला टेकते. मध्ये फ्यूज नसेल तर बॅटरीतला सगळा करंट त्या वायरमधून जातो, आणि वायर पेट्रोलच्या टाकीखालून गेलेली असते. फ्यूज चहाच्या किमतीत मिळतो. तो बॅटरीच्या पॉझिटिव्हजवळच लावायचा, चार्जरजवळ नाही.

माझ्या मते आपल्या रस्त्यावर सगळ्यात उपयोगी गॅजेटला वायरच लागत नाही. ते म्हणजे रिफ्लेक्टरची पट्टी. गळीत हंगामात रात्री कऱ्हाड-आष्टा भागातून आलेल्यांना सांगायला नको, दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर पुढ्यात येईपर्यंत दिसत नाही. आपण मात्र मागच्याला दिसलोच पाहिजे.

दुसरं म्हणजे साइड स्टँडचा बझर. नव्या गाड्यांत स्टँड खाली असताना इंजिन बंद पडायची सोय असते, जुन्यांत नाही. स्टँडवर लोहचुंबक, चेसिसवर रीड स्विच, १२ व्होल्टचा बझर, इग्निशननंतरची लाइन आणि एक अँपिअरचा फ्यूज. स्टँड खाली, चुंबक स्विचसमोर, बझर वाजतो. सेकंड इयरवाल्यालाही जमेल.

याच जिल्ह्यात १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. लक्ष्मणरावांची सुरुवात बेळगावातल्या सायकलच्या दुकानापासून झाली होती. आणि आपण वर्षानुवर्षे मिनी प्रोजेक्टला तोच लाइन फॉलोअर रोबो विकत आणतो. सर, रागावू नका, पण बॉम्बे मार्केटमधून आणलेल्या किटपेक्षा स्वतःच्या गाडीवर वर्षभर चाललेला बझर आणि बारा महिन्यांची वही यांना मार्क का नसावेत? शनिवारी दुपारी वर्कशॉप दोन तास उघडं ठेवा. एक मल्टीमीटर, एक क्रिम्पिंगची पक्कड आणि फ्यूजची डबी, एवढंच हवं. पहिल्या शनिवारी मी माझी गाडी आणते, बझरचं काम निम्मं राहिलंय.