नवे साल, जुनाच बैल

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या पांढुर्ण्याचे सारे लक्ष जाम नदीच्या पात्रातील गोटमारीकडे असते. त्याच दिवशी नागपूरकडे तान्हा पोळा भरतो आणि लहान मुले चाकांचे लाकडी बैल सजवून मिरवितात. तो बैल नांगराला जुंपता येत नाही. परंतु घडविणारा सुतार लहान मापाचा विचार करूनच लाकडाला हात घालतो. शिंगे, वशिंड, मान सारे त्या मापाला शोभेल असेच उतरते. म्हणून त्याला कोणी खोटा बैल म्हणत नाही. आम्हांस या बैलाची आठवण झाली ती व्हिडिओ गेमच्या निमित्ताने. गुरुजनांनी लगेच कपाळाला आठ्या घालू नयेत.

फुटबॉलचा 'फिफा' हा खेळ इलेक्ट्रॉनिक आर्ट्स ही कंपनी दरवर्षी नव्या सालाच्या नावाने काढीत असे. २०१७ साली निंटेंडो कंपनीचे 'स्विच' हे हाती धरूनही खेळता येणारे यंत्र आले. प्लेस्टेशन ४ ची मेमरी ८ गिगाबाइट, तर याची अवघी ४. मोठ्या यंत्रांवर हा खेळ २०१६ पासून 'फ्रॉस्टबाइट' नावाच्या इंजिनावर, म्हणजे खेळातील चित्रे व हालचाली पेलणाऱ्या मूळ यंत्रणेवर, उभा होता. स्विचवरील 'फिफा १८' साठी मात्र कंपनीने निराळी बांधणी केली. 'द जर्नी' हा कथाभाग गाळावा लागला. तरी खेळ त्या यंत्राच्या मापाने घडविलेला होता. इथवर सुताराचेच काम झाले.

पुढे सुताराने रंधा खाली ठेवला आणि रंगाचा डबा उचलला! २०१९ ते २०२२ अशी चार वर्षे स्विचवर 'लेगसी एडिशन' निघाली. संघांच्या याद्या नव्या, गणवेश नवे, खेळ तोच. कंपनीने हे लपविले नाही, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. शिवाय जुन्या यंत्राच्या धन्याला अगदीच वाऱ्यावर सोडण्यापेक्षा हे बरे. २००० साली आलेल्या प्लेस्टेशन २ वरही २०१३ चा 'फिफा १४' मिळाला, याचे आम्हांस कौतुकच वाटते. मरणपंथास लागलेल्या यंत्राची ती शेवटची सेवा होती.

पण स्विच मरणपंथास लागलेले नव्हते. २०२१ अखेर त्याची विक्री दहा कोटींच्या वर गेली होती. तेव्हा 'घेणारे थोडे, म्हणून श्रम परवडत नाहीत' ही सबब इथे टिकत नाही. घरोघरी मागल्या वर्षीच्याच लाकडी बैलाला नवा रंग देतात, त्यात कमीपणा कसला? मात्र तोच बैल पुन्हा बाजारात मांडून दरसाल नवे दाम मागितले, तर पोरसुद्धा हुज्जत घालील. केवळ याद्याच बदलावयाच्या होत्या, तर जुन्या खेळातच त्या अल्प मोलाने भरून देता आल्या असत्या.

दूरदेशीच्या यंत्राची आम्हांस एवढी चिंता का, असे कोणी विचारील. आपल्या गावातील कितीतरी मुलांच्या हाती वडिलांनी वापरून दिलेला फोन असतो. हलके यंत्र म्हणजे हलका खेळाडू, हा हिशेब एकदा रूढ झाला की तो आपल्याही दारी येणार. मुंबईचा 'रिअल क्रिकेट' आणि पुण्याचा २०१७ चा 'सचिन सागा' यांच्या कर्त्यांनी मोबाइल हेच आपले मुख्य मैदान मानले. मोठ्या पंगतीतले उरलेसुरले त्यांनी फोनवाल्याच्या पानात वाढले नाही.

२०२३ साली 'फिफा' हे नाव गळाले आणि 'ईए स्पोर्ट्स एफसी २४' स्विचवर आला, तो फ्रॉस्टबाइट इंजिनासह. काही गोष्टी तेव्हाही गाळाव्या लागल्या. यंत्र मात्र २०१७ चेच होते, आणि त्याची मेमरी तीच, ४ गिगाबाइट.